मांड, रिकीब आणि गिअर : दुचाकीवर पाय कुठे ठेवायचा, हे कोणी ठरवले?

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून मोर्बा, म्हसळा आणि मग बोर्ली पंचतन. सुमारे दीडशे-एकशे साठ किलोमीटरचा हा रस्ता हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी मोटारसायकलींनी गजबजलेला असतो. दिवेआगरच्या समुद्राकडे निघालेली ही मंडळी बोर्लीत चहाला थांबतात, तेव्हा त्यांची गाडीवरून उतरण्याची तऱ्हा पाहण्यासारखी असते. कोणी आधी गुडघा सरळ करतो, कोणी कमरेवर हात ठेवून मागे वाकतो, कोणी मनगटे झटकतो. जाणत्या माणसाला एवढ्यावरून, गाडीकडे न पाहताही, ती कोणत्या जातीची हे सांगता येते. गुडघा आखडला असेल तर पायदान मागे आणि उंच आहे. कंबर धरली असेल तर पाय फार पुढे ताणलेले आहेत. मनगटे दुखत असतील तर हँडल खाली आहे.

आसन, हँडल आणि पायदान हे दुचाकीवरचे तीन बिंदू. पाच तासांच्या प्रवासात माणूस या तिघांमध्ये टांगलेला असतो. त्यांपैकी आसनाची चर्चा सगळे करतात, हँडल बदलण्याची हौसही पुष्कळांना असते. पायदानाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते कारखान्यातून जिथे ठोकून आले तिथेच असायचे, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक पायाच्या या जागेला मोठा आणि बराच भांडखोर इतिहास आहे, आणि त्या इतिहासात स्वाराच्या सुखाचा विचार बहुतेक वेळा सर्वांत शेवटी झालेला आहे.

या इतिहासाचा एक धागा बोर्ली पंचतनच्याच तालुक्यात सापडतो. तालुक्याचे गाव श्रीवर्धन, आणि श्रीवर्धन म्हणजे भट घराण्याचे मूळ गाव. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालची श्रीवर्धनची देशमुखी या घराण्याकडे होती. तिथून देशावर गेलेले बाळाजी विश्वनाथ पुढे शाहू महाराजांचे पेशवे झाले. लेखणी आणि मुत्सद्देगिरी यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घोडा मात्र त्यांना फारसा वश नसावा. घोड्यावर धरून ठेवायला त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसे लागत, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात म्हटले आहे. किनाऱ्यावरच्या खाडी-होडीच्या मुलखात वाढलेल्या माणसाची देशावरच्या घोडेस्वारांनी केलेली ही चेष्टा असेल, पण तिच्यात एक बारीक निरीक्षण दडलेले आहे. ज्याचे पाय घोड्यावर काम करत नाहीत, त्याला हातांनी आणि माणसांनी धरून ठेवावे लागते.

त्यांच्या मुलाची गोष्ट अगदी उलट. निजामाने आपल्या चित्रकाराला बाजीरावाचे चित्र काढायला पाठवले, ज्या अवस्थेत दिसेल त्या अवस्थेत काढ असे सांगितले, आणि चित्रकाराने जे चित्र आणले त्यात बाजीराव साध्या शिलेदाराच्या वेषात, खांद्यावर भाला टाकून, दोन्ही हातांनी ज्वारीची कणसे चोळून खात घोड्यावरून चालला होता. ही आख्यायिकाही डफनेच नोंदवली आहे. शाळेत ती साधेपणाचा धडा म्हणून शिकवली जाते. इथे ती दुसऱ्या कारणासाठी पाहायची. दोन्ही हात कणसांत गुंतलेले, म्हणजे लगाम मोकळा. मग घोडा चालवतो कोण? मांड्या, गुडघे आणि टाचा.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे : मांड. ‘मांड पक्की आहे’ असे स्वाराविषयी म्हणतात, तेव्हा त्याच्या बसण्याचे नव्हे, धरण्याचे कौतुक असते. मांड्यांनी खोगीर धरलेले, पावले रिकिबीत टेकलेली आणि वजन दोन्हींवर वाटलेले. असे झाले की हात मोकळे होतात. भाला चालवायला, तलवार चालवायला किंवा ज्वारी खायला. मोटारसायकलवर टाकी गुडघ्यांनी धरणारा आणि खड्डा आला की पायदानावर किंचित उठणारा स्वार हेच करत असतो. मनगटे दुखतात ती बहुधा त्यांची, ज्यांची मांड सुटलेली असते.

रिकीब हा शब्द अरबी-फारसीतून आला, पण पायाला आधार देण्याची कल्पना या मुलखात त्याच्याही आधीची आहे. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत, इसवीसनापूर्वीच्या शिल्पांत, घोडेस्वारांच्या पायांशी आधाराचे पट्टे कोरलेले अभ्यासकांनी दाखवले आहेत. सांचीच्या शिल्पांतही असे स्वार आहेत. जगातल्या रिकिबीचा हा सर्वांत जुना पुरावा, असा दावा जॉन मार्शल यांनी सांचीच्या बाबतीत केला होता. ही पूर्ण रिकीब नव्हती. काही ठिकाणी पाऊल घोड्याच्या पोटाच्या पट्ट्याखाली सारलेले आहे, तर काही ठिकाणी फक्त अंगठा अडकेल एवढा फास आहे. अनवाणी माणसाला अंगठ्याचा फास पुरतो. बूट घालणाऱ्याला तो निरुपयोगी. थंड प्रदेशात, जाड पादत्राणांच्या मुलखात, संपूर्ण पाऊल मावेल अशी धातूची कडी आली. अशा जोड-रिकिबीचा खात्रीचा पुरावा चीनमध्ये इसवीसनाच्या चौथ्या शतकात मिळतो. पायात काय घातले आहे यावर पायाचा आधार कसा असावा हे ठरते, ही गोष्ट इथेच लक्षात ठेवावी. पुढे होंडाच्या गिअरपाशी ती पुन्हा लागेल.

रिकिबीचा एक गुण मात्र मोटारसायकलीने घालवला. रिकीब चामड्याच्या वादीला लटकते आणि वादीला भोके असतात. उंच स्वार आला की वादी दोन भोके सैल, बुटका आला की दोन भोके घट्ट. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, तर बारगीर सरकारी घोड्यावर बसे. बारगिराला आज हा घोडा तर उद्या तो. पण घोडा कोणाचाही असो, वादी त्याच्या पायाला जुळवता येत होती. हजार-दीड हजार वर्षे टिकलेली ही सोय लोखंडाच्या घोड्यावर नट-बोल्टने बंद झाली.

लोखंडाचा घोडा जन्माला आला तो सायकलीच्या पोटी. सुरुवातीच्या मोटारसायकलींना चक्क पायडल असत. इंजिन सुरू करायला आणि चढावर त्याला हातभार लावायला. पायडल गेले तेव्हा पाय ठेवायला काहीतरी हवे म्हणून कोणी आडवी खुंटी दिली, कोणी रुंद पाट दिला. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या कंपन्यांनी पाट पसंत केला. तिकडचे रस्ते लांब आणि सरळ, पाय मनासारखे हलवायला जागा हवी. त्यांच्या गाड्यांवर क्लच पायाने दाबायचा आणि गिअर टाकीशेजारच्या दांड्याने हाताने बदलायचा. म्हणजे गिअर बदलताना एक हात हँडलवरून सुटलेला, एक पाय क्लचवर गुंतलेला. चौकात चढावर थांबायचे असेल तर तोल सांभाळायला एकच पाय उरे. आज हे अघोरी वाटते, पण कैक दशके माणसे हेच करत होती.

पायाने गिअर बदलणे आज इतके स्वाभाविक वाटते की त्यालाही शोध लागावा लागला हे खरे वाटत नाही. ब्रिटनमधल्या व्हेलोसेट कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस या अभियंत्याने १९२८च्या सुमारास शर्यतीच्या गाडीसाठी अशी यंत्रणा बनवली की लिव्हर एकदा दाबला की बरोबर एकच गिअर बदलतो आणि लिव्हर परत मूळ जागी येतो. पंजाच्या एका झटक्यात काम होई आणि हात हँडलवरच राही. शर्यतीत त्याचा फायदा इतका उघड होता की काही वर्षांत बहुतेक सर्वांनी ते उचलले. ब्रिटिश कंपन्यांनी हा लिव्हर उजवीकडे ठेवला आणि मागचा ब्रेक डावीकडे. जावासारख्या युरोपीय आणि नंतर होंडासारख्या जपानी कंपन्यांनी गिअर डावीकडे दिला. कोणती बाजू शरीराला सोयीची, याची पद्धतशीर तपासणी करून ही निवड झालेली दिसत नाही. इंजिनाची कोणती बाजू मोकळी आहे आणि कारखान्यात आधीपासून काय चालत आले आहे, यावर ती बरीचशी पडली.

भारतात या दोन्ही बाजू एकाच रस्त्यावर आल्या, आणि खरी पंचाईत इथे सुरू झाली.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला भारत सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० रॉयल एनफील्ड बुलेट मागवल्या. १९५५ साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि बुलेट इथेच बनू लागली. तिचा गिअर ब्रिटिश रिवाजाप्रमाणे उजव्या पायाला : पहिला वर, बाकीचे तीन खाली. मागचा ब्रेक डाव्या पायाला. त्याच गिअरपेटीवर टाचेने दाबायचा आणखी एक छोटा लिव्हर असे, तो थेट न्यूट्रल शोधून देई. जुन्या बुलेटवाल्यांचा त्यावर फार जीव. इकडे १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. जावाचा गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या पायाला. शिवाय चेकोस्लोव्हाकियातल्या अभियंत्यांची करामत अशी की किक आणि गिअर हे दोन्ही एकाच लिव्हरने व्हायचे. किक मारून झाली की तोच लिव्हर पुढे वळवून गिअरसाठी वापरायचा.

आता एखाद्या गावातल्या तरुणाची कल्पना करावी. घरी जावा आहे, आणि मित्राची बुलेट एक दिवसासाठी मिळाली आहे. सरळ रस्त्यावर काही बिघडत नाही, दोन-चार वेळा पाय चुकतो आणि सावरतो. पण घाट उतरताना वळणावर समोर अचानक बैलगाडी येते. त्या क्षणी मेंदू विचार करत नाही, पाय करतो. वर्षानुवर्षे ब्रेक दाबणारा उजवा पाय जोरात खाली जातो, आणि बुलेटवर तिथे ब्रेक नसून गिअर आहे. गाडी थांबण्याऐवजी तिचा गिअर बदलतो. हा प्रसंग काल्पनिक असला तरी जुन्या मेकॅनिकांना तो समजावून सांगावा लागत नाही. आपण ‘आराम’ म्हणतो तेव्हा गुडघ्याचा आणि कमरेचा विचार करतो. पायाला आपली जागा न शोधता सापडणे हाही आरामच आहे, आणि संकटात तोच प्राण वाचवतो.

हा घोळ अखेर मिटवला तो अमेरिकेच्या सरकारने, आणि तोही स्वतःच्या नागरिकांसाठी. तिथल्या संघराज्य सुरक्षा नियमानुसार १ सप्टेंबर १९७४ पासून विकायच्या मोटारसायकलींना गिअर डाव्या पायाला आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला असणे सक्तीचे झाले. तोवर अमेरिकेत जपानी गाड्यांचा एवढा सुळसुळाट झाला होता की नियम जपानी रिवाजाच्या बाजूने जाणार हे उघड होते. ट्रायम्फ आणि नॉर्टन या ब्रिटिश कंपन्यांना अमेरिकेची बाजारपेठ सोडणे परवडणारे नव्हते. जुन्याच इंजिनांना आडवे दांडे जोडून त्यांनी १९७५च्या सुमारास गिअर डावीकडे नेला. इतक्या अट्टल अभिमानी कंपन्यांचा पाय एका परक्या सरकारने असा उचलून दुसरीकडे ठेवला.

भारतात असे काही झाले नाही. बंदिस्त बाजारपेठेत बुलेटला घाई नव्हती. तिचा गिअर पुढची तीन दशके उजवीकडेच राहिला. निर्यातीच्या आणि काही नव्या गाड्यांवर तो आधी डावीकडे गेला, आणि २०१०च्या आसपास इंजिन व गिअरपेटी एकत्र असलेली नवी रचना सर्व बुलेटवर आली तेव्हा उजव्या गिअरचा काळ संपला. या बदलावर जुन्या स्वारांनी केलेली हळहळ आजही ऐकू येते. ती केवळ जुन्याचा मोह म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. ज्याने तीस वर्षे उजव्या पायाने गिअर बदलला, त्याच्यासाठी नवी गाडी ही परकी भाषा होती.

महाराष्ट्रात याच काळात एक तिसराच मार्ग रुळत होता. तो म्हणजे पायाकडून गिअर काढूनच घेणे. १९४६ साली इटलीत कोर्रादिनो दास्कानियो याने व्हेस्पाचा आराखडा केला. हा माणूस मूळचा विमान-हेलिकॉप्टरचा अभियंता. मोटारसायकली त्याला आवडतच नसत. उघडे इंजिन, तेलाचे डाग, टांग टाकून चढणे हे सगळे टाळायचे म्हणून त्याने गिअर डाव्या मुठीत दिला आणि पायांसाठी सपाट जागा मोकळी ठेवली. उजव्या पावलाखाली फक्त ब्रेकचे पायडल. बजाज ऑटोने १९६०च्या सुमारास परवान्याखाली व्हेस्पा बनवायला सुरुवात केली, आणि परवान्याची मुदत संपल्यावर १९७२ साली स्वतःच्या नावावर चेतक आणली. नाव घोड्याचे, पण बैठक खुर्चीची! चेतकवर मांड लागत नाही. गुडघ्यांत धरायला काही नाहीच. त्याऐवजी पाय पुढेमागे सरकवता येतात, आणि दोन पायांमध्ये भाजीची पिशवी, गॅसची टाकी किंवा उभे राहिलेले पोर मावते. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत.

त्याच १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने लुना आणली आणि इतिहासाचे चाक उलटे फिरवले. लुनाला सायकलीसारखे पायडल होते. सुरू करताना मारायचे, चढाला मदत म्हणून मारायचे, पेट्रोल संपले तर घरापर्यंत मारायचे आणि एरवी त्यांवरच पाय टेकून बसायचे. १९०० सालची व्यवस्था १९७२ साली कोकणापासून विदर्भापर्यंत हौसेने स्वीकारली गेली, कारण ज्याला सायकल येते त्याच्या पायाला लुनावर काहीच नवे शिकायचे नव्हते.

इथवर सगळी चर्चा चालवणाऱ्याच्या पायांची झाली. मागे बसणारीच्या पायांचे काय?

मराठी स्त्रीच्या घोडेस्वारीचा इतिहास आणि तिच्या मोटारसायकलीवरच्या बैठकीचा इतिहास यांच्यामध्ये एक साडी उभी आहे. नऊवारीचा कासोटा मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे होतात. टांग टाकून बसायला त्यात अडचण नाही. विसाव्या शतकात शहरांत आणि मग गावांत पाचवारी गोल साडी रूढ झाली, आणि त्याच शतकात दुचाकी घरोघर आली. गोल साडीत टांग टाकता येत नाही. म्हणून मागे बसणारी एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसू लागली, आणि तेही डावीकडे, कारण वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि उतरताना कडेला उतरता येते. युरोपातल्या सरदार घराण्यांतल्या स्त्रिया झग्यामुळे घोड्यावर अशाच एका बाजूने बसत. पण त्यांच्यासाठी तिथल्या कारागिरांनी मांडीला अडकवायला आकडे असलेले खास खोगीर केले होते. आपल्याकडे परदेशी आराखड्याच्या मोटारसायकलीवर मागच्या प्रवाशासाठी दोन बाजूंना दोन छोट्या खुंट्या होत्या. आडव्या बसलेल्या बाईच्या दोन्ही पावलांना मिळून त्यांतली एक.

शिवाय पदर आणि फिरते चाक. या जोडीने किती घरांत अनर्थ केले, हे वेगळे सांगायला नको. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम याच बाबतीत आहे. मोटारसायकलीला मागे बसणाऱ्यासाठी कायमची बसवलेली मूठ हवी, पायदान हवे आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे, असे तो सांगतो. सर्वसामान्य भाषेत ज्याला ‘साडी गार्ड’ म्हणतात, ते हे. त्याच्याच खाली डाव्या बाजूला दोन पावले मावतील अशी रुंद पट्टी अनेक गाड्यांना बसवलेली दिसते. मोटारसायकलीच्या जागतिक इतिहासाला भारतीय उपखंडाने दिलेली ही देणगी आहे, आणि ती कोणा नामवंत आराखडाकाराने दिलेली नाही. तरुण मंडळी गाडी ‘स्मार्ट’ दिसावी म्हणून शोरूममधून घरी आणताच ती काढून टाकतात, हा मात्र निव्वळ करंटेपणा आहे. बोर्लीच्या बाजाराला आईला मागे बसवून नेताना तिने पाय कुठे ठेवायचे?

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि तिने लिव्हरला एक शेपूट दिले. गिअरच्या लिव्हरला पुढे पंजासाठी एक टोक आणि मागे टाचेसाठी दुसरे. पंजाने दाबले की गिअर एका दिशेला, टाचेने दाबले की दुसऱ्या दिशेला. युरोपातला स्वार बुटाचा पुढचा भाग लिव्हरखाली घालून तो वर उचलतो. चपलेत हे करून पाहावे : लिव्हर उघड्या बोटांवर घासतो, पट्टा ताणला जातो आणि पावसात चप्पल निसटते. टाचेने दाबायचे असेल तर बूट असो, चप्पल असो की अनवाणी पाय, फरक पडत नाही. भाज्याच्या शिल्पातल्या अंगठ्याच्या फासामागे जे कारण असावे, तेच दोन हजार वर्षांनी या लिव्हरमागे उभे राहते. आणि मराठी स्वाराला टाच मारणे ही काही नवी विद्या नव्हती.

२००१ साली पुण्याच्याच बजाजने दोन टोकांच्या दोन गाड्या आणल्या. एलिमिनेटर ही पाय पुढे ताणून बसायची गाडी. तिचीच पुढे २००५ साली ॲव्हेंजर झाली. दुसरी पल्सर. तिच्या २००७ सालच्या २२० सीसीच्या आवृत्तीत हँडलचे दोन तुकडे खाली उतरले, पायदान मागे सरकले आणि टाचेचा लिव्हर गेला. एका गाडीने अमेरिकी महामार्गाची बैठक घेतली, दुसरीने शर्यतीच्या मैदानाची. घाट उतरून किनाऱ्याला जाणाऱ्या माणसाची बैठक दोघींपैकी कोणीच विचारात घेतली नव्हती. कोकणातल्या रस्त्याचा स्वभाव वेगळा आहे. वळण संपले की खड्डा, खड्डा संपला की गतिरोधक, आणि पावसाळ्यानंतर दोन्हींच्या जागा बदललेल्या. पाय फार पुढे असले की खड्ड्यावर उठता येत नाही. सगळा दणका माकडहाडावर येतो. पाय फार मागे असले की उठता येते, वळणावर गाडी हुकमात राहते, पण गुडघा सतत दुमडलेला असतो आणि माणगाव येईपर्यंत धडाचा भार मनगटांवर उतरलेला असतो. पायदान आसनाच्या बरेचसे खाली, किंचित पुढे किंवा मागे असेल आणि पायांवर भार देऊन सहज उभे राहता येत असेल, तर ती बैठक लांबच्या खडबडीत वाटेला मानवते. जुन्या बुलेटची बैठक साधारण अशी होती. २०१६ साली आलेल्या हिमालयन गाडीवर उभे राहून चालवण्याचा हिशेब मुद्दाम धरलेला होता.

मग ज्याच्याकडे जी गाडी आहे त्याने काय करावे? पायदानाचा संच बदलून मिळतो, पण मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम नोंदणीतल्या तपशिलांपासून दूर जाणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम कडकपणे वाचले. सांगाडा कापणे, जोडणे, वाढवणे या भानगडीत पडू नये. सुदैवाने कारखान्याने वादीची एक-दोन भोके अजून शिल्लक ठेवली आहेत, फक्त ती सहज दिसत नाहीत. गिअरचा लिव्हर ज्या दांड्यावर बसतो, त्याला बारीक दाते असतात. बहुतेक साध्या गाड्यांवर दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सैल करून लिव्हर काढावा आणि एक दात वर किंवा खाली बसवावा. जिथे लिव्हरला सळई जोडलेली असते, तिथे तिच्या दोन टोकांचे नट फिरवून लांबी कमी-जास्त करावी. पाऊल पायदानावर नेहमीसारखे ठेवून, घोटा न वाकवता पंजा लिव्हरखाली जायला हवा. ब्रेकच्या पायडलची उंचीही बहुधा एका बोल्टवर असते. पाऊल उचलावे न लागता पंजा त्यावर यायला हवा, पण नुसता टेकला म्हणून ब्रेक लागता कामा नये. ही उंची बदलली की मागच्या दिव्याचा स्विच पुन्हा जुळवावा, नाहीतर दिवा सतत पेटलेला राहतो किंवा पेटतच नाही. क्लच आणि ब्रेकच्या मुठी हँडलवर फिरवून अशा लावाव्यात की बोटे पसरली तर ती कोपरापासूनच्या रेषेतच राहतील.

हे सारे मोजमाप गाडीवर बसून, ज्या पादत्राणात प्रवास करायचा तेच घालून करावे. चपलेवर बसवलेला लिव्हर जाड तळाच्या बुटाला अडतो, आणि जुलैत म्हसळ्याचा घाट गमबूट घालून चढायचा असेल तर आणखी एक दात वर घ्यावा लागतो.